दवाखान्यातला समुद्र

कुणाचं कुणाशी पटेल, हे मला नुसतं चेहऱ्यावरून कळतं! हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. आमच्या घरात काही कार्य निघालं, की कुठल्या आत्याला कुठल्या काकूशेजारी बसवायचं नाही, हे मला विचारून ठरतं. ज्याला आत्या आणि काकू सांभाळता येतात, त्याला चार मासे निवडणं म्हणजे काय मोठं! हातचा मळ!

असं मला वाटत होतं.

मी दातांचा डॉक्टर. आमच्याकडे हौसेनं कुणी येत नाही. वेटिंग रूममध्ये माणसं अशी बसलेली असतात, की जणू आत निकाल लागणार आहे आणि तो विरुद्धच लागणार आहे. मशीनचा घूंऽऽ आवाज आला, की सगळी रांग एकदम गालाला हात लावते. या लोकांचं मन रमवायला काहीतरी हवं, म्हणून मी ठरवलं, की वेटिंग रूम आणि माझी खोली यांच्या मधल्या भिंतीत माशांची काचेची टाकी बसवायची. दोन्हीकडून दिसेल अशी. बाहेर बसलेला माणूसही बघेल आणि आत खुर्चीत आडवा पडलेलाही बघेल.

आणि पाणी समुद्राचं! खारं! गोड्या पाण्यातले मासे काय, कुणीही पाळतं.

"तू?" बायको म्हणाली. "अरे, तुझ्या हातून मनीप्लांट मेलाय. मनीप्लांट मारायला कष्ट लागतात!"

मी दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाच्या सुरुवातीला असं बोलणारं माणूस घरात असतंच.

दुसरा अडथळा म्हणजे आमचे घरमालक. दवाखान्याच्या बरोबर खाली त्यांचं वाद्यांचं दुकान. पियानो, व्हायोलिन, गिटार, सगळं लाकडाचं आणि सगळं नाजूक. त्यांनी टाकीला परवानगी दिली, पण माझ्या नाकासमोर बोट नाचवून. "डॉक्टर, एक थेंब! माझ्या पियानोवर वरून एक थेंब जरी खारं पाणी पडलं, तरी तुम्ही, तुमची खुर्ची आणि तुमचे मासे त्याच दिवशी रस्त्यावर!"

टाकी बसली. प्रवासाच्या मोठ्या बॅगेएवढी. तळाशी वाळू, वर समुद्रातल्या खडकांचा ढीग, मीठ कालवून केलेलं पाणी. पाणी मुरेपर्यंत काही आठवडे मासे सोडायचे नसतात, म्हणून नुसते दगड बघत लोक बसायचे.

"डॉक्टर, मासे कुठायत?"

"येतायत, येतायत."

"तेही तुम्हाला घाबरले वाटतं!"

दिवसातून दहा माणसं हाच विनोद करायची आणि दहाही जण स्वतःच हसायची.

मासे मिळायचे ते एकाच दुकानात. त्या दुकानदाराला मी मनातल्या मनात दर्यासारंग म्हणायचो. बोलणं असं, की प्रत्येक मासा त्यांच्या मांडीवर लहानाचा मोठा झालाय. फक्त एक होतं. समोरच्याचा प्रश्न पुरा ऐकून घेणं त्यांना जमायचं नाही. निम्म्या प्रश्नालाच पूर्ण उत्तर तयार!

पहिल्यांदा पांढऱ्या पट्ट्यांची नारिंगी जोडी आणली. गुणी निघाली. मग माझी नजर एका निळ्यावर गेली. काय तो रंग! शाईच्या बाटलीत दिवा लावावा तसा!

"तो ना, लहान टाकीत जरा..." दर्यासारंग म्हणाले.

"जरा काय?"

"जरा तापट."

"छे हो! चेहरा बघा त्याचा. किती सोज्वळ!"

हा सोज्वळ बोटाएवढा प्राणी टाकीत उतरला आणि उतरल्या उतरल्या त्यानं टाकी स्वतःच्या नावावर करून घेतली. नारिंगी जोडीला त्यानं पंपामागच्या कोपऱ्यात असं कोंडलं, की बिचारी दिवसभर एकमेकांना चिकटून उभी! जेवायला बाहेर आली, की हा धावून जायचा. वेटिंग रूममध्ये दोन तट पडले. एक रिटायर्ड हवालदार अक्कलदाढेसाठी आले होते. ते उठून काचेवर बोट आपटत ओरडले, "ए! सोड त्यांना! सोड म्हणतो ना!" निळ्यानं त्यांच्या बोटावरही चाल केली.

त्याला पकडायला मला सगळे खडक एकेक करून बाहेर काढावे लागले. काखेपर्यंत भिजलो. निळा शेवटच्या दगडात, शेवटच्या भोकात. जाळीत आल्यावरही माझ्याकडे असा बघत होता, की चूक माझीच होती.

तो परत केला आणि मी सावध झालो. पुढची निवड विचारपूर्वक! एक पट्टेवाली सफाईची कोळंबी आणली. ती एका दगडावर बसायची, मासे तिच्यापुढे येऊन आ करायचे आणि ती त्यांची तोंडं साफ करायची. इंजेक्शन नाही, विनवण्या नाहीत! माझ्याच धंद्यातली बाई, पण तिच्याकडे पेशंट आपण होऊन येत होते. दोन दिवस मी तिच्याकडे जरा वाकड्या नजरेनंच बघत होतो. नंतर सवय झाली.

मग आला पिवळा. हा वाळूत राहणारा मासा. खडकाखालच्या भोकातून फक्त तोंड बाहेर काढून बसायचा, आणि तोंड असं, की आल्यापासून घरात कुणी त्याला चहासुद्धा विचारलेला नाही. पोहायला नाही, खायला नाही, काही नाही. त्याच्याकडे बघून पेशंटचा चेहरा आणखी उतरायला लागला.

मी दर्यासारंगांना फोन केला. "अहो, तो पिवळा..."

"एकटा आहे हो तो! त्याला जोडीदार लागतो. जोडीदार मिळाला की खुलेल. आत्ता नाहीये माझ्याकडे, आला की कळवतो."

त्यांचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात एकाच्या तोंडात होते. म्हणून बायको गेली आणि जोडीदार घेऊन आली. दुपारी दवाखाना बंद असताना तिनं पिशवी टाकीत तरंगत ठेवली, सांगितल्याप्रमाणे हळूहळू पाणी मिसळलं आणि सोडला. संध्याकाळी मी काचेला नाक लावून उभा.

"सोडलास?"

"सोडला."

"कुठाय?"

"आत."

"दिसत नाही."

"मलाही धड दिसला नाही. लालसर काहीतरी होतं, बोटाच्या पेराएवढं. पिशवी तिरकी केली आणि सर्रकन खडकाखाली!"

दोन दिवस झाले, चार झाले. जोडीदाराचा पत्ता नाही. मी पुन्हा फोन केला.

"तो जोडीदार काही दिसत नाही हो. जिवंत मासा दिला होतात ना?"

"मासा कशाला? पिवळ्याला माशाचं काय करायचंय! जोडीदार आहे, आत आहे, मजेत आहे. ठेवतो, गिऱ्हाईक आलंय!"

मी फोनकडे बघत राहिलो. मासा नाही तर मग काय? पण समोर पेशंट आ करून थांबला होता आणि उघड्या तोंडासमोर विचार करत उभं राहिलेलं पेशंटला आवडत नाही. राहून गेलं.

मग ते सुरू झालं.

शाळेतल्या एक बाई दाढ भरून घ्यायला आल्या होत्या. मी आरसा आत घातला, दाढेला हलकंच टेकवला, आणि...

टक्!

कानाशी वाळकी काटकी मोडावी तसा आवाज! बाईंचे डोळे बशीएवढे झाले. मी हात मागे घेतला.

"तुतला का हो?" त्या तोंड न मिटता म्हणाल्या.

"काहीच तुटलेलं नाही!" मी म्हणालो आणि खात्री करायला सगळे दात मोजले. सगळे होते. बाईंनी घरी जाऊन पुन्हा मोजले असणार.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. टक्! मग लागोपाठ दोनदा. टक्! टक्! मी म्हटलं, खुर्ची! खुर्चीचा सांधा गेलाय. मेकॅनिक आला, त्यानं खुर्चीचे तुकडे जमिनीवर मांडले, परत जोडले आणि जाताना माझ्या हातात एक बोल्ट ठेवला. "हा उरला. बहुतेक लागत नाही." तेव्हापासून खुर्ची उजवीकडे कलते, पण आवाज तसाच.

आत माझी ही अवस्था आणि बाहेर त्याहून वाईट. दाराच्या आत मी शिरायचो, थोड्या वेळानं आतून 'टक्!' आणि बाहेरच्या लोकांनी काय समजायचं? डॉक्टर दात मोडतोय! त्यात आमच्या रिसेप्शनच्या ताई. त्यांना सगळे घोषणाताई म्हणतात, कारण त्यांना हळू आवाजात बोलताच येत नाही. 'मघाचे हिरड्यातून पू येणारे काका, आत या!' अशी हाक पूर्ण इमारत ऐकते. तर कुणीतरी त्यांना हळूच विचारलं, "ताई, आत कसला हो आवाज?" ताई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काय माहीत! रोज येतो! डॉक्टरांनाही कळत नाही!"

एका बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारे गृहस्थ पुढचा दात दाखवायला आले होते. ते उठले, नमस्कार केला आणि गेले. त्यांच्या मागून आणखी दोघं. आठवड्याभरात वेटिंग रूम अशी ओस पडली, की मासे बाहेर बघून कंटाळायला लागले.

आणि नेमके अशा वेळी माझे सासरे यायचे ठरले!

सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते रिटायर्ड इंजिनिअर. आयुष्यभर पूल तपासले. कुठल्या खांबाला चीर आहे, कुठला स्लॅब झिजलाय, हे बघण्यात हयात गेली आणि तीच नजर मग माझ्यावर स्थिरावली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझ्यापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. म्हणजे दात दाखवायला. एरवी भरपूर उघडलं. ते त्यांच्या जुन्या डॉक्टरांकडेच जायचे. "घरच्या माणसाकडे नको," असं म्हणायचे. घरच्या माणसाला ते टोचायचं तिथे टोचायचं.

आता जुने डॉक्टर मुलाकडे परदेशी गेलेले आणि इकडे दाढ ठणकायला लागली. बायकोनं त्यांना बरोबर घेऊनच आणलं.

"हे बघ," ती दारातच माझ्या कानात म्हणाली, "आज तो आवाज नको."

"मी काढतो का तो?"

"मला माहीत नाही. पण आज नको!"

सासरे खुर्चीत बसले. खुर्ची उजवीकडे कलली. त्यांनी खुर्चीखाली वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मी घाम पुसून दाढ तपासली. कीड खोल होती, पण भरण्यासारखी होती. बधिर करायचं इंजेक्शन दिलं. ओठ, जीभ, गाल, सगळी अर्धी बाजू झोपली. मी कापसाच्या दोन गुंडाळ्या गालात बसवल्या, मशीन हातात घेतलं, आणि...

टक्!

सासरे खुर्चीत ताठ!

"बाबा, मी अजून हातही लावलेला नाही!" मी दोन्ही हात वर करून उभा राहिलो.

टक्!

आता मात्र माझे हात हवेत, मशीन बंद, खुर्ची स्तब्ध. म्हणजे दाढ नाही, मी नाही, खुर्चीही नाही! आनंद व्हावा की भीती वाटावी, ते कळेना. तेवढ्यात सासरे भिंतीकडे बोट दाखवून ओरडले.

"आच! आच!"

"आच? गरम होतंय? ताई, पंखा वाढवा!"

"आच! आचेला ईर!"

"ईर? बाबा, हळू बोला, जीभ चावली जाईल."

त्यांनी गालातल्या गुंडाळ्या स्वतःच काढून फेकल्या आणि पुन्हा टाकीकडे बोट. बायको दारातून धावत आली. जन्मापासून त्यांचं बोलणं ऐकलेली, तिला लगेच कळलं.

"अरे, काच! बाबा म्हणतायत, काचेला चीर जातेय!"

काच! रोज थोडी थोडी तडकत होती आणि मी खुर्ची उघडून बसलो होतो! समोर पूर्ण भरलेली टाकी, खाली लाकडाची जमीन, तिच्याखाली पियानो! आणि टाकीत ती नारिंगी जोडी, नेहमीसारखी माझ्याकडे बघत, आता खायला घालणार का म्हणून. खरं सांगतो, त्या क्षणी मला पियानोपेक्षा त्यांचीच काळजी वाटली. इतकं करून आणलेले जीव!

"ताई, बादल्या! मीठ कालवायच्या बादल्या आणा सगळ्या!"

घोषणाताईंनी बादल्या आणण्याआधी घोषणा केली. "सगळ्यांनी ऐका! टाकी फुटतेय! पाय वर घ्या!"

बाहेर दोन-चारच पेशंट होते. सगळ्यांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले आणि बॅगा छातीशी धरल्या. एकटे ते हवालदार उठून आत आले. अक्कलदाढेच्या दुसऱ्या फेरीसाठी आलेले. "काय करायचं ते सांगा!"

मग जी धांदल उडाली! मी नळीनं पाणी बादल्यांत ओढायला लागलो. हवालदार भरलेल्या बादल्या वाहून रांगेत ठेवायला लागले. ताईंनी पेशंटची लाळ ओढायची नळी टाकीत घातली आणि सुर्रर्र करत ती समुद्र ओढायला लागली. थेंबाथेंबानं, पण निष्ठेनं! नारिंगी जोडीला मी दातांच्या साच्यांचं प्लास्टर कालवायच्या नव्याकोऱ्या रबरी वाटीत घेतलं. सफाईची कोळंबी गुळण्या करायच्या ग्लासात बसली. बायको खडक उचलून स्टीलच्या मोठ्या ट्रेमध्ये टाकीतलंच पाणी घालून ठेवत होती. आणि सासरे? सासरे अर्ध्या तोंडानं हुकूम सोडत होते.

"आअकाश! आअकाश!"

"बाबा म्हणतायत, सावकाश!"

पिवळा मात्र सापडेना. मी वाळूत हात घालून शोधला, पंपामागे बघितलं. नाही! शेवटी टाकी रिकामी झाली. तळाला ओली वाळू फक्त. जमिनीवर इकडेतिकडे शिंतोडे, ते हवालदारांनी रुमालानं टिपले.

सासऱ्यांनी माझा लांब दांड्याचा दिवा खेचून टाकीवर धरला. माझा तोंडात घालायचा आरसा उचलला आणि टाकीचा एकेक कोपरा बघायला लागले. काचेवरून अंगठा फिरवला. आरशाच्या दांडीनं टक टक करून, कान लावून ऐकलं. मी पेशंटचं बघतो ना, अगदी तसंच! आम्ही सगळे श्वास रोखून उभे. त्यांचं तपासणं संपेना.

शेवटी ते सरळ झाले.

"आही आही."

"काही नाही?" मी बायकोकडे बघितलं.

"काही नाही म्हणतायत. काच शाबूत आहे!"

शाबूत! मी मटकन स्टुलावर बसलो. आणि बसतोय तोच...

टक्!

रिकाम्या टाकीत पाणी नाही, काच तडकलेली नाही. आवाज आला होता तो माझ्या शेजारच्या ट्रेमधून!

सासरे ट्रेच्या सगळ्यात जवळ होते. ते खाली वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग एकदम माझ्या कोटाची बाही धरून ओढायला लागले.

"ओअंई! ओअंई!"

"ओकारी? ताई, बेसिन! बाबांना ओकारी येतेय!"

ताईंनी बेसिन त्यांच्या हनुवटीखाली धरलं. त्यांनी ते बाजूला सारलं, माझं डोकं मागून धरलं आणि माझं नाक ट्रेच्या पाण्यापासून चार बोटांवर नेऊन थांबवलं.

खडकाच्या खालच्या भोकात आमचा पिवळा बसला होता. आणि त्याला अगदी खेटून, आपली लांबलचक मिशी त्याच्या शेपटीवर टेकवून, एक लालसर कोळंबी! बोटाच्या पेराएवढी. एक चिमटा साधा आणि दुसरा अंगाच्या मानानं भलामोठा, एखाद्यानं एकाच हातात क्रिकेटचा ग्लोव्ह घालावा तसा. ट्रेच्या काठावर हवालदारांची सावली पडली आणि तिनं तो चिमटा मिटला.

टक्!

"कोळंबी!" मी ओरडलो. "ओकारी नाही, कोळंबी! पण आपली सफाईवाली तर ग्लासात आहे!"

"मग ही दुसरी," बायको म्हणाली. तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "ही... ही मीच सोडलेली. हाच तो जोडीदार!"

तिनं तिथूनच दर्यासारंगांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"अहो, त्या जोडीदाराचा आवाज..."

"होय! बंदूकवाली कोळंबी! चिमटा आपटते. फार छान! तिला दिसतं कमी, म्हणून पिवळा पहारा करतो आणि ती दोघांसाठी बीळ खणते. जन्माची जोडी! काच तडकली असं वाटतं बऱ्याच लोकांना. मी सांगितलं नव्हतं?"

"नाही!" आम्ही पाच जण एकदम.

"मी म्हटलं ना, मासा नाहीये म्हणून. ठेवतो, गिऱ्हाईक आलंय!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आधी हवालदार हसले. गाल सुजलेला, त्यामुळे हसताना विव्हळले आणि विव्हळत हसले. मग ताई, मग बायको. मी हसत होतो की रडत होतो, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. दाढा शाबूत, खुर्ची जवळजवळ शाबूत, काच शाबूत, सगळे जीव जिवंत!

तेवढ्यात जिन्यावर धाड धाड पावलं वाजली आणि घरमालक दारात. चेहरा लाल.

"वर काय पळापळ चाललीय? पाणी सांडलं? डॉक्टर, मी बजावलं होतं..."

टक्!

घरमालकांचं बोट हवेतच थांबलं. "हा... हा आवाज तुमच्याकडचा?"

"हो," मी मान खाली घालून म्हणालो. "कोळंबी आहे."

घरमालक भिंतीला टेकले. त्यांच्या डोळ्यांत पाणी. "अहो, मला वाटलं, पियानोला कीड लागली! लाकूड आतून फुटतंय! आठवडाभर एकेक वाद्य उघडून बघतोय मी! घरी कुणाला सांगितलंसुद्धा नाही!" त्यांनी माझा ओला हात दोन्ही हातांत घेऊन इतका दाबला, की मला वाटलं आता खरंच काहीतरी मोडणार. मग ट्रेपाशी वाकून ते म्हणाले, "ताल मात्र अजिबात नाही हिला."

सगळ्यांनी मिळून टाकी परत भरली. तेच पाणी, तेच खडक. पाय वर घेऊन बसलेले पेशंटही बादल्या द्यायला आत आले. त्यात एक बाई रूट कॅनॉलच्या धास्तीनं सकाळपासून रडत होत्या. त्या नारिंगी जोडीची वाटी दोन्ही हातांत धरून टाकीपर्यंत अशा चालत आल्या, की रडायचं होतं हे विसरून गेल्या. पिवळा आणि त्याची जोडीदारीण एका खडकासकट उतरले आणि लगेच दोघांचं बीळ खणणं सुरू झालं. ती वाळू बाहेर लोटायची, हा दाराशी उभा. आणि मी इतके दिवस त्याला घुमा समजत होतो!

सासरे अजून उभे होते. मी कोट बदलला, हात धुतले आणि चाचरत म्हणालो, "बाबा, दाढ... आज राहू दे का?"

त्यांनी खुर्चीकडे बघितलं. मग चढून बसले, खुर्ची उजवीकडे कलली, त्यांनी स्वतःला डावीकडे सावरलं आणि आपण होऊन आ केला. माझ्यापुढे! बायकोनं बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

मी आणखी थोडं बधिर केलं आणि कामाला लागलो. मधे तीनदा टक् झालं. पहिल्या वेळी आम्ही दोघंही दचकलो. दुसऱ्या वेळी त्यांनी नुसती भुवई उचलली. तिसऱ्या वेळी ते गालातल्या गालात हसले असावेत, कारण माझा आरसा हलला. दाढ नीट भरली गेली. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांपैकी ते एक, असं मी आजही म्हणेन.

बाहेर येताच घोषणाताईंनी पूर्ण वेटिंग रूमसमोर विचारलं, "काय काका, कसा वाटला आमच्या डॉक्टरांचा हात?"

सगळे कान टवकारून बसले. सासऱ्यांनी जीभ सावरून एकेक शब्द जपून उच्चारला. "हात चांगला आहे."

माझी छाती फुगली.

"अलगद आहे. एकाही माशाला खरचटलं नाही."

"आणि दाढ, बाबा?" मी विचारलं.

"दाढेचं," ते म्हणाले, "बधिरपणा उतरल्यावर कळवतो."

सासरे त्यांच्या घरी परतले. संध्याकाळी आम्ही आमच्या घरी चहा घेत होतो तेव्हा फोन वाजला. बायकोनं नाव बघून फोन माझ्याच हातात दिला. घसा खाकरून मी म्हणालो, "बोला बाबा. दाढ कशी आहे?"

"कुठली दाढ?" सासरे म्हणाले.

वाचकहो, तुमचा आमच्या धंद्याशी संबंध नसेल, म्हणून सांगतो. दातांच्या डॉक्टरला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही! पेशंट दाढ विसरला! आणि कुठला पेशंट, तर साक्षात सासरा! मी बायकोला खूण केली, ती जवळ येऊन कान लावून उभी राहिली. मला एवढं हलकं वाटलं, की बशीतला चहा सांडला तरी कळलं नाही.

"मी वेगळ्याच कामासाठी फोन केला होता," सासरे पुढे म्हणाले. "तो पिवळा काही खातोय का? एवढ्या गडबडीत त्यानं धसका घेतला असणार. तुम्ही निघताना बघितलंत ना?"

मी निघताना त्यांच्या दाढेचाच विचार करत निघालो होतो. पिवळ्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

"बघतो आणि सांगतो," मी म्हणालो, आणि चहा तसाच टाकून दवाखान्याच्या किल्ल्या शोधायला लागलो.